माशाचं तोंड बघून स्वयंपाक

नमस्कार श्रोतेहो. घरात माशांची टाकी असली की शेजारी एक डबी असतेच, रंगीत पापुद्र्यांची, म्हणजे फ्लेक्सची. झाकण काढायचं, चिमूटभर टाकायचं, की आपलं कर्तव्य संपलं. त्या डबीवर माझा राग नाही. चांगलं तयार खाद्य बऱ्यापैकी संतुलित असतं. पण डबी एकदा उघडली की हवा आणि ओल आत शिरते, आणि क जीवनसत्त्व लवकर कमी होत जातं. बहुतेक माशांना ते स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. ते फार काळ कमी पडलं तर पाठीचा कणा वाकडा होतो. वर्षभर पुरेल अशी मोठी डबी स्वस्त पडते खरी, पण तळाशी उरलेल्या चुऱ्यात किती सत्त्व राहिलं असेल, तुम्हीच ठरवा.

म्हणून आज बोलूया घरी करायच्या खाद्याबद्दल. पण स्वयंपाकघरात शिरण्याआधी पाच मिनिटं टाकीसमोर बसा आणि माशाचं तोंड बघा. फायटरचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो पृष्ठभागावरचे किडे आणि डासांच्या अळ्या टिपणारा. कोरिडोरसचं तोंड खाली, बाजूला मिशा. तो तळ चाचपत जेवतो. वर तरंगणारं खाणं त्याच्या काय कामाचं? सकर तर तोंडाने काचेला चिकटूनच बसतो, शेवाळ खरवडत.

तोंडाइतकंच महत्त्वाचं आतडं. शेवाळ-पाला खाणाऱ्यांचं लांब, मांसाहाऱ्यांचं आखूड. मलावी सरोवरातले मबुना मासे खडकावरचं शेवाळ खाणारे. त्यांना रोज कोळंबी घालणं म्हणजे माया नव्हे. आणि गोल्डफिशला तर जठरच नसतं! खाल्लेलं थेट आतड्यात जातं. त्यामुळे एकदम पोटभर घालण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्यावं.

घरचं खाणं म्हणजे आपल्या ताटातलं उरलेलं नव्हे, हेही सांगून टाकतो. पाव, भात, बिस्किटं नकोत. मटणासारखं मांसही शक्यतो टाळा. त्या प्राण्यांची चरबी टाकीतल्या पाण्याच्या तापमानाला घट्टच राहते आणि माशाला ती नीट पचत नाही.

आता मुख्य पदार्थ. मी त्याला जेली म्हणतो. थोडी कोळंबी आणि पांढऱ्या मांसाचा मासा घ्या, दोन्ही हलके उकडा. तेल, मीठ, मसाला काही नाही. कच्चं का नको? काही माशांच्या, कोळंबीच्या आणि शिंपल्यांच्या कच्च्या मांसात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. फ्रीझरमध्ये ठेवून ते जात नाही, उष्णतेने निकामी होतं. उकडताना कोळंबीकडे लक्ष द्या: करडी साल बघता बघता नारिंगी होते. हा रंग ॲस्टाझँथिन नावाच्या रंगद्रव्याचा. आधी तो प्रथिनाला जखडलेला असतो, उष्णतेने सुटा होतो. माशांच्या अंगावरची लाल-नारिंगी झाक अशाच द्रव्यांमुळे असते आणि ती त्यांना मुळातून बनवता येत नाहीत, खाण्यातूनच मिळवावी लागतात. तेव्हा साल फेकू नका, तीही अगदी बारीक वाटून घाला.

यात उकडलेला मटार आणि पालक घाला. मटाराचा दाणा चिमटीत हलकेच दाबला की साल हातात राहते आणि दोन डाळिंब्या सटकन बाहेर येतात, तेवढ्याच घ्यायच्या. स्पिरुलिना, म्हणजे एक प्रकारचं निळं-हिरवं शेवाळ, त्याची पूड मिळाली तर चमचाभर. शाकाहारी माशांसाठी हेच प्रमाण उलटं करा: भाजी जास्त, कोळंबी नावापुरती.

सगळं मिक्सरमधून काढा. एक कप लगद्याला साधारण एक मोठा चमचा जिलेटिन, गरम पाण्यात विरघळवून मिसळायचं. टाकीचं पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास राहत असेल तर जिलेटिन पाण्यात मऊ पडतं. तिथे अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास, बरं. ते मात्र पाण्यात उकळावं लागतं, आणि थोडं निवल्यावर, पण घट्ट व्हायच्या आत, लगदा घालायचा. मिश्रण प्लास्टिकच्या पिशवीत पातळ थापा, सुरीच्या पाठीने चौकटी पाडा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. रोज एक चौकोन मोडून घ्यायचा. दोनेक महिन्यांत संपेल एवढंच करा.

पिल्लांसाठी आर्टेमियाला, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्याशा जिवांना, तोड नाही. बाटलीत लिटरभर पाणी, त्यात पंचवीस ग्रॅम मीठ आणि त्यांची अंडी, हवेचा पंप चालू, पाणी सव्वीस ते अठ्ठावीस अंश. चोवीस ते छत्तीस तासांत अंडी फुटतात. हवा बंद करून बाटलीच्या खालच्या बाजूला दिवा धरा. नारिंगी ठिपके उजेडाकडे गोळा होतात, रिकामी टरफलं वर तरंगतात. जिवंत ठिपके नळीने ओढून बारीक फडक्यात गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच पिल्लांना द्या, कारण पोटातला पिवळा बलक काही तासांत त्यांचे तेच संपवतात. ट्युबिफेक्स किडेही मासे मिटक्या मारत खातात, पण ते बहुधा घाण पाण्यातले असतात. मी ते टाकीत घालत नाही.

किती घालायचं? दोन-तीन मिनिटांत फस्त होईल तेवढं. घरचं खाणं मऊ असतं, लवकर विरतं. उरलेलं कुजलं की पाण्यात अमोनिया, माशांना विषच. शिवाय मासे स्वतः प्रथिनं पचवून कल्ल्यांवाटे अमोनियाच सोडतात. सकरसाठी ठेवलेली काकडीची चकतीसुद्धा सकाळी काढून टाका.

आणि चार दिवस बाहेरगावी जाणार असाल, तर शेजाऱ्यांच्या हाती अख्खी पिशवी सोपवू नका. ते प्रेमापोटी एका दिवसात आठवड्याचं घालतील. मोठे, धडधाकट मासे तीन-चार दिवस उपाशी आरामात राहतात. पिल्लं असली तर मात्र एकेका वेळेच्या पुड्या करून, वर वार लिहून ठेवा, आणि बाकीचं खाद्य कपाटात बंद.

नमस्कार.