पाच, सात, पाच, तीन

(दृश्य: लाकडी पाटावर ठेवलेली एक शंभरपानी वही. पुठ्ठ्यावर कुंकवाचे बोट उमटलेले आहे.)

ही रामनामाची वही आहे. इंदूरच्या रामबागेत आमचे घर होते आणि त्या घरात माझी आजी रोज पूजा आटोपल्यावर अशा वहीत 108 वेळा ‘श्रीराम’ लिहीत असे. वही भरली की ती देवघराखालच्या फडताळात जाई आणि नवी निघे. या वहीची पुढची पाने तशीच आहेत, एकाखाली एक, एकाच उंचीची अक्षरे असलेली. मात्र वही उलटी करून मागच्या बाजूने उघडली, तर पहिले पान सोडून प्रत्येक पानावर चार ओळी दिसतात. पहिल्या ओळीत 5 अक्षरे, दुसरीत 7, तिसरीत 5 आणि चौथीत 3. लिपी जपानी आहे. ही पाने मी आणि आजीने मिळून 1994 सालच्या उन्हाळ्यात लिहिली, आणि त्या वेळी आम्हा दोघींपैकी कोणालाही जपानीचे एक अक्षरसुद्धा वाचता येत नव्हते.

त्या वर्षी माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, परीक्षेत चांगले गुण मिळाल्याबद्दल काकांनी जेल रोडवरून टीव्ही गेम आणून दिला होता. ‘कन्सोल’ हा शब्द आमच्या कानांवर फार उशिरा आला. आमच्यासाठी तो टीव्ही गेम होता, त्यात घालायची ती कॅसेट होती आणि हातात धरायचा तो रिमोट होता. हे यंत्र मुळात जपानमधल्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल होते. अस्सल फॅमिकॉम 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये विक्रीस आला आणि त्याच्या नकला पुढे आशियाभर पसरल्या. नक्कल करणाऱ्यांनी कॅसेटची खाचही 60 पिनांचीच ठेवली होती, त्यामुळे जपानी मुलांसाठी तयार झालेली कॅसेट आमच्या यंत्रात विनातक्रार बसत असे. पुढचे सगळे घडले ते या 60 पिनांमुळे.

दुपारी जेवणे झाली की वाड्यातली मुले टीव्हीपुढे जमत. कॉन्ट्रा, मारिओ आणि ती बदके मारायची बंदूक, यांच्याबद्दल आमच्या पिढीतले सगळेच सांगतात, तेव्हा मी त्यात शिरत नाही. मला आठवते ते एवढेच, की कॉन्ट्रामध्ये दोघांना एकत्र खेळता येत असूनही दुसरा रिमोट माझ्याकडे कधी येत नसे. मी अकरा वर्षांची होते, मुलगी होते, आणि कॅसेट नीट लागली नाही की ती काढून फुंकून परत बसवणे हे माझे काम होते. (फुंकल्याने कॅसेट सुरू होते ही समजूत चुकीची आहे. काढून पुन्हा बसवल्याने पिनांचा संपर्क जुळतो, फुंकरीतल्या दमटपणाने त्या उलट गंजतात. म्हणजे माझे ते एकमेव कामही अपायकारकच होते.)

मे महिन्यात मुंबईहून मामा आला आणि येताना त्याने मनीष मार्केटमधून एक कॅसेट आणली. तिचे लेबल अर्धे फाटलेले होते. दुकानदाराने मामाला ती मारामारीची म्हणून दिली होती.

(दृश्य: काळा पडदा, त्यावर पांढऱ्या चौकटीत जपानी अक्षरे एकेक करून उमटतात.)

त्या कॅसेटमध्ये मारामारी नव्हती. एक राजा सिंहासनावर बसला होता, समोर एक ठेंगणा योद्धा उभा होता, आणि राजा न समजणाऱ्या लिपीत बराच वेळ बोलत होता. खोलीत तीन पेट्या होत्या, एक बंद दार होते आणि दारापलीकडे खाली जाणारा जिना होता. बटण दाबले की योद्धा उडी मारत नसे, गोळी झाडत नसे. पडद्यावर आठ शब्दांची एक यादी उघडे. दोन दुपारी आम्ही त्या खोलीतून बाहेर पडू शकलो नाही. वाड्यातली इतर मुले कंटाळून गच्चीवर पतंग उडवायला निघून गेली, आणि माझ्या आयुष्यात प्रथमच रिमोटभोवती फक्त दोन माणसे उरली.

हा खेळ म्हणजे एनिक्स कंपनीने 27 मे 1986 रोजी काढलेला पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ होता, हे मला कळायला पुढे पंधरा-वीस वर्षे जावी लागली. युजी होरी यांनी त्याची रचना केली होती आणि त्यातली चित्रे अकिरा तोरियामा यांची होती. अमेरिकेत कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळला जाणारा भूमिकांचा खेळ संगणकावर आला होता. त्याला फॅमिकॉमच्या दोन बटणांत बसवायचे, तेही ज्या मुलांनी असे काही कधी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी, हे होरी यांच्यापुढचे काम होते. म्हणून त्यांनी ती पहिली खोली मुद्दाम बंद ठेवली होती. पेटीतली किल्ली घेणे, दार उघडणे, जिना उतरणे, यांतल्या प्रत्येक गोष्टीसाठी यादीतून वेगळी आज्ञा निवडावी लागते, आणि ते जमले की खेळ कसा खेळायचा हे मुलाला आपोआप कळलेले असते. वाचता येणाऱ्या मुलासाठी ही युक्ती फार सुंदर आहे. आमच्यासाठी ती कुलूपबंद कोठडी होती.

तिसऱ्या दिवशी मी आजीच्या वहीचे शेवटचे पान उघडले आणि आठही आज्ञा चित्रासारख्या उतरवून घेतल्या. मग दादाने योद्ध्याला पेटीवर उभे करून एकेक आज्ञा निवडायची आणि जे घडेल ते मी त्या आकारापुढे मराठीत लिहायचे, असे सुरू झाले. ‘पेटी उघडते.’ ‘काही होत नाही.’ ‘दिशा विचारतो.’ बोलण्याची आज्ञा दिली की कोणत्या दिशेच्या माणसाशी बोलायचे तेही सांगावे लागे, कारण त्या योद्ध्याला मान वळवता येत नसे. तो सदैव आमच्याकडे तोंड करून चाले. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी जिना सापडला. पुढे गवत, डोंगर, गाव, दुकान, आणि हसऱ्या तोंडाचा कांद्यासारखा एक राक्षस, ज्याला मारले की एक-दोन नाणी मिळत. आम्ही मेलो, तर राजासमोर परत उभे राहत असू आणि निम्मी नाणी गेलेली असत. दादा रागावून म्हणाला, “हा राजा आहे की सावकार?”

आणि मग लाइट गेली.

त्या काळी इंदूरमध्ये उन्हाळ्यात लाइट जाणे ही बातमी नव्हती. फॅमिकॉमची कामकाजाची स्मृती 2 किलोबाइटची असते, म्हणजे आजच्या संगणकी पद्धतीने देवनागरीत लिहिलेली साधारण 680 अक्षरे तिच्यात मावतील. तेवढ्यात आमची नाणी, आमची तलवार आणि आमच्या चार दुपारी होत्या, आणि वीज जाताच ते सगळे पुसले गेले. कॉन्ट्रामध्ये याचे कोणाला वाईट वाटत नसे, कारण तो खेळ रोज पहिल्यापासूनच खेळायचा असतो. इथे मात्र साठवलेले होते आणि ते गेले होते. दादाने तीन वेळा पुन्हा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा लाइटने दगा दिला.

राजाकडे परत गेले की तो दर वेळी निराळी, अर्थहीन दिसणारी चार ओळींची अक्षरे म्हणून दाखवतो, हे आमच्या लक्षात आले होते. खेळ सुरू होताना दोन पर्याय येतात आणि दुसरा निवडला की अक्षरांचा मोठा तक्ता उघडतो, हेही माहीत होते. या दोन गोष्टींचा संबंध आहे हे मात्र आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आले नाही. तो जोडला आजीने. ती वाती वळत मागे बसली होती आणि म्हणाली, “अरे, तो राजा मंत्र देतोय तुम्हाला. गुरूने दिलेला मंत्र परत म्हणायचा असतो.”

आजीला खेळातले काही कळत नव्हते, तरी ती नेमके तेच बोलली होती. जपानीत या अक्षरांना ‘फुक्कात्सु नो जुमोन’ म्हणतात, म्हणजे पुन्हा जिवंत करणारा मंत्र. कॅसेटमध्ये बॅटरीवर चालणारी स्मृती बसवणे तेव्हा महाग होते, म्हणून खेळाची सारी अवस्था 20 अक्षरांत गुंडाळून खेळणाऱ्याच्या हवाली केलेली होती. तक्त्यात 64 अक्षरे आहेत, प्रत्येकात 6 बिट (म्हणजे 0 किंवा 1 असे सहा अंक) मावतात, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सगळा मंत्र 15 बाइटचा होतो. योद्ध्याचे नाव, अनुभव, नाणी, तलवार, ढाल, किल्ल्या, औषधी, सगळे त्यात येते, शिवाय मंत्र बरोबर आहे की नाही हे पडताळण्याचा हिशेबही. मांडणी 5-7-5 आणि पुढे 3, म्हणजे हायकूला, 5-7-5 अक्षरांच्या जपानी कवितेला, जोडलेले तीन अक्षरांचे शेपूट. जुन्या तळ्यात बेडूक उडी घेतो, हा जुने जपानी कवी बाशो यांचा हायकू भरून पुढे ठरावीक तीन अक्षरे लिहिली तर खेळ खरोखर सुरू होतो, हे जपानी खेळाडूंनी शोधून काढलेले आहे.

(दृश्य: वहीचे पान जवळून. पेन्सिलीची अक्षरे, काही खोडून पुन्हा काढलेली.)

आता लिहिणाऱ्याला किंमत आली. दादा मंत्र मिळाला की रिमोट खाली ठेवून थांबे, आणि मी लिहून होईपर्यंत त्याला हलता येत नसे. खोटे कशाला बोलू, मी कधी कधी मुद्दाम सावकाश लिही. पण काम सोपे नव्हते. जाड ठिपक्यांनी बनलेल्या त्या अक्षरांत दोन अशी आहेत की एकाच्या शेवटी गाठ असते आणि दुसऱ्याच्या नसते, बाकी अंग सारखे. आणखी तीन अशी आहेत की पाठीचा दांडा एकच आणि फरक फक्त शेपटीत. काही अक्षरांजवळ दोन बारीक टिंबे येतात आणि टीव्हीच्या मुंग्यांत ती हरवतात. माझे पहिले सहा मंत्र चुकले. सातव्याच्या वेळी आजी चष्मा लावून टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन बसली आणि ओळीने तपासू लागली. “ह्याची शेपटी आत वळलीये, तू बाहेर काढलीस. आणि हे टिंब खाल्लंस.” जन्मभर ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या बाईला ठिपके मोजणे शिकवावे लागत नाही. तो मंत्र लागला. लाइट गेल्यानंतरही आमची तलवार आमच्याकडे होती.

त्या उन्हाळ्यात अशी 31 पाने झाली. गंमत अशी, की अमेरिकेत हाच खेळ 1989 मध्ये आला तेव्हा कॅसेटमध्ये बॅटरी होती, आणि जपानमध्येही 1988 च्या तिसऱ्या भागापासून ती आली. म्हणजे ही मेहनत ज्यांनी केली ती त्या दोन-तीन वर्षांत जपानमध्ये हा खेळ खेळलेली मुले आणि रामबागेतले आम्ही.

शेवटचे पान माझ्या हातचे नाही. जूनमध्ये मला कांजिण्या आल्या आणि मला आतल्या खोलीत निजवले. दादाचे अक्षर त्याचे त्यालाही वाचता येत नसे, म्हणून त्या दिवशीचा मंत्र आजीने स्वतः लिहिला, बोरूसारखा टाक धरून, वर ‘श्रीराम’ घालून. दोन दिवसांनी व्होल्टेज वाढून अ‍ॅडॉप्टर जळाला. मग शाळा उघडल्या, दादा सायकलवर फिरू लागला, आणि तो खेळ तसाच राहिला.

गेल्या वर्षी घर रिकामे करताना फडताळातून वही आणि कॅसेट दोन्ही निघाली. जुन्या बॅटरीच्या कॅसेटमधले साठवलेले खेळ बॅटरी संपली की जातात. या कॅसेटमध्ये साठवलेले काही नव्हतेच. मी पिना खोडरबराने पुसल्या, एक जुने यंत्र मिळवले आणि शेवटच्या पानावरची 20 अक्षरे भरली. पडद्यावर ओळखीची ओळ आली. आता ती मला वाचता येते: मंत्र चुकला आहे. मी आजीचे एकेक अक्षर भिंगाखाली धरले. तिसऱ्या ओळीत तिने एका अक्षराच्या शेवटी गाठ मारली होती, पण टाक इतका हलका टेकला होता की मी ती शाईचा डाग समजले होते. चूक तिची नव्हती, माझी होती. अक्षर बदलले आणि राजा बोलू लागला.

योद्ध्याचे नाव वर कोपऱ्यात होते. 1994 मध्ये दादाने ते विचार न करता, तक्त्यातले पहिलेच अक्षर चार वेळा दाबून ठेवले होते. तक्ता ‘अ’पासून सुरू होतो. आमचा योद्धा तीस वर्षे ‘अअअअ’ या नावाने थांबला होता.

मी त्याला दारापर्यंत नेले, जिन्यावर उभे केले आणि यादी उघडली. जिन्याची आज्ञा आता सरळ वाचता येते. तरीही मी वहीचे मागच्या बाजूचे पहिले पान काढले, ‘जिना’ असे लिहिलेल्या आकारावर बोट ठेवले आणि पडद्यावर तसाच आकार शोधला.