योवोकाका: सरायेव्होचा सर्ब जनरल

मित्रहो, ३ मे १९९२ची एक चित्रफीत आहे. युगोस्लाव्हियातून नुकत्याच वेगळ्या झालेल्या बोस्नियाची राजधानी सरायेव्हो. तिथल्या दोब्रोव्होल्याच्का रस्त्यावर युगोस्लाव्ह सैन्याचा ताफा अडकलाय. हे सैन्य शहरातली छावणी सोडून निघालंय, बदल्यात त्याने ताब्यात घेतलेले बोस्नियाचे अध्यक्ष इझेत्बेगोविच यांची सुटका ठरलीय. तेवढ्यात ताफ्यावर गोळीबार सुरू होतो आणि बोस्नियाच्या बाजूचा एक अधिकारी घसा फोडून ओरडतो, "गोळी चालवू नका!" हा आवाज योवान दिव्याक यांचा.

दिव्याक जन्माने सर्ब. १९३७ साली बेलग्रेडमध्ये जन्मले, तिथल्याच लष्करी अकादमीत शिकले. सरायेव्होला मात्र ते साठच्या दशकातच आले आणि तिथलेच झाले. युद्धाचा भडका उडाला, शहराभोवतीच्या डोंगरांवर सर्ब तोफा चढल्या, तेव्हा ते खाली शहरातच राहिले. बोस्नियाच्या सैन्यात सर्ब अधिकारी मोजकेच होते. त्यांतले हे सर्वांत वरचे, उपसेनापती. वेढा १,४२५ दिवस चालला.

पण त्यांचं मोठेपण मला सर्वाधिक दिसतं ते १९९३च्या एका पत्रात. शहर वाचवणाऱ्यांमध्येच मुशान तोपालोविच, टोपणनाव त्सात्सो, नावाचा एक ब्रिगेड कमांडर होता. लोक त्याला वीर म्हणत. त्याची माणसं सर्ब नागरिकांना घरातून उचलून न्यायची, ठार मारायची आणि त्रेबेविच डोंगरावरच्या कझानी नावाच्या खड्ड्यात फेकून द्यायची. दिव्याक यांनी थेट अध्यक्षांना लिहून हे प्रकार कळवले. परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. बाहेरून तोफा चालू आहेत, आणि आत तुमच्या आडनावामुळे आधीच काहीजण तुमच्याकडे संशयाने बघताहेत. त्यांना आपल्याच बाजूने काही दिवस अटकेतही ठेवलं होतं! अशा वेळी गप्प बसणं किती सोपं होतं. शत्रूचे गुन्हे सगळेच मोजतात. आपल्या माणसांचे गुन्हे युद्ध चालू असताना बोलून दाखवायला वेगळीच छाती लागते.

सर्बियात त्यांना गद्दार ठरवलं गेलं. दोब्रोव्होल्याच्काच्या हल्ल्याचा ठपका त्यांच्यावरच ठेवून सर्बियाने वॉरंट काढलं, आणि मार्च २०११मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. ज्या गोळीबारात ते थांबा म्हणून ओरडत होते, त्याचेच आरोपी! सरायेव्होत हजारो लोक रस्त्यावर उतरले. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेग न्यायाधिकरणाच्या सरकारी वकिलांना आधीच्या तपासात खटल्याइतका पुरावा मिळालेला नव्हता. जुलैमध्ये ऑस्ट्रियाच्या न्यायालयाने त्यांना सर्बियाच्या हवाली करायला नकार दिला आणि ते घरी परतले.

फ्रान्सने त्यांना २००१ साली 'लेजाँ द'ऑनर' हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. सरायेव्होच्या पोरांना मात्र ते 'चिका योवो', आपल्या भाषेत योवोकाका. युद्ध चालू असतानाच, १९९४ साली, त्यांनी युद्धात होरपळलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. 'शिक्षण बोस्निया-हर्झगोव्हिना घडवतं' असं तिचं नाव. शिष्यवृत्ती देताना मूल बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम), सर्ब, क्रोएट की रोमा, हा प्रश्न तिथे नव्हता. गणवेश उतरल्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य याच कामाला दिलं.

८ एप्रिल २०२१ रोजी, ८४व्या वर्षी, ते सरायेव्होतच गेले. सगळ्या धर्मांच्या माणसांना जागा देणाऱ्या शहराच्या बारे दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली.