टीम गेली, पण गेली कुठे?

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. मला सांगितलं होतं अमेरिकेतल्या अनुभवांवर बोला, म्हटलं तेच ते बर्फ आणि ग्रीन कार्ड किती वेळा सांगणार, त्यापेक्षा आमच्या गावात सध्या जे चाललंय त्यावर बोलतो. विषय फुटबॉलचा आहे, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात बॉल घेऊन पळतात तो. पण घाबरू नका, खेळाचे नियम एकही सांगणार नाही, कारण विषय खरा पैशांचा आहे.

मी कॅन्सस सिटीच्या परिसरात राहतो. तिथे एक रस्ता आहे, स्टेट लाईन रोड. दक्षिणेकडे गाडी चालवत निघालात की उजव्या हाताला कॅन्सस राज्य आणि डाव्या हाताला मिझुरी राज्य. मध्ये कुंपण नाही, नाका नाही, काही नाही, नुसता सिग्नल आहे. लोक एका राज्यात राहतात, दुसऱ्यात नोकरी करतात, तिसरं राज्य जवळ नाही म्हणून, नाहीतर तिथे जेवायला गेले असते. आणि गंमत म्हणजे मोठं कॅन्सस सिटी हे कॅन्ससमध्ये नाहीच, ते मिझुरीत आहे. कॅन्ससमध्येही एक कॅन्सस सिटी आहे, पण ते धाकटं. २०२० च्या फेब्रुवारीत आमच्या टीमनं, चीफ्सनी, सुपर बोल, म्हणजे या खेळाची वर्षाची फायनल, जिंकला तेव्हा खुद्द ट्रम्पनी ट्वीट करून कॅन्सस राज्याचं अभिनंदन केलं, आणि मग लोकांनी असे धरले त्यांना की ट्वीट उडवावं लागलं. कारण टीमचं नाव कॅन्सस सिटी चीफ्स असलं तरी स्टेडियम मिझुरीत, जॅक्सन कौंटीत. कौंटी म्हणजे आपला जिल्हा समजा.

आता मात्र ते ट्वीट खरं होणार आहे. २२ डिसेंबर २०२५ ला जाहीर झालं की चीफ्स २०३१ च्या सीझनपासून कॅन्ससमध्ये खेळणार, वायन्डॉट कौंटीत, साधारण ३ अब्ज डॉलरचं नवीन, छत असलेलं स्टेडियम, आणि सरावाची जागा आणि ऑफिस ओलेथीला. अंतर किती? जुन्या स्टेडियमपासून २०-२५ मैल. म्हणजे हडपसरहून उठून तळेगावला गेल्यासारखं. पण मध्ये राज्याची रेघ आहे, आणि त्या रेघेचीच किंमत आहे सगळी.

थोडं मागे जातो. ही टीम मुळात आमची नव्हतीच. लमार हंट म्हणून टेक्ससच्या एका तेलवाल्या श्रीमंताचा मुलगा, त्याने १९६० मध्ये डॅलसला टीम काढली, डॅलस टेक्सन्स. पण त्याच वर्षी डॅलसला काउबॉईज पण आले, एका गावात दोन टीम काही चालेनात, म्हणून १९६३ मध्ये तो टीम घेऊन कॅन्सस सिटीला आला. इथल्या मेयरनी, रो बार्टलनी, गळ घातली होती, त्यांचं टोपणनाव चीफ, त्यावरून टीम चीफ्स. हे लक्षात ठेवा, कारण आज मिझुरीतले लोक रडतायत की आमची टीम दुसऱ्या राज्यानं पळवली, पण ती आलीच होती दुसऱ्या राज्यातून, आणि तेव्हा डॅलसचे जे थोडेफार पंखे असतील त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं.

मग १९६७ मध्ये जॅक्सन कौंटीच्या लोकांनी मतदान करून रोखे काढायला परवानगी दिली आणि १९७२ ला अॅरोहेड स्टेडियम उघडलं. शेजारीच बेसबॉलचं दुसरं, ते पुढच्या वर्षी. मूळ डिझाईनमध्ये एक सरकतं छत होतं, या स्टेडियमवरून त्या स्टेडियमवर ढकलत न्यायचं, लग्नाचा मांडव सरकवल्यासारखं. पैसे कमी पडले, छत राहिलं. २००६ ला परत मतदान झालं, दोन प्रश्न होते. एक, दोन्ही स्टेडियमच्या डागडुजीसाठी विक्रीकरात ३/८ सेंट द्यायचा का, म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेसदतीस सेंट, आणि दुसरा, ते सरकतं छत आता तरी करायचं का. लोक म्हणाले डागडुजी करा, छत नको. छताच्या भरवशावर कॅन्सस सिटीला एक सुपर बोल मिळाला होता यजमानपदाचा, तोही गेला त्यात. मला विचाराल तर बरोबर केलं लोकांनी. अॅरोहेडची मजाच उघड्या आभाळात आहे. २०१४ मध्ये एका मॅचला तिथे १४२.२ डेसिबल आवाज मोजला गेला, गिनेसमध्ये नोंद आहे. आणि जानेवारी २०२४ मध्ये उणे २० सेल्सिअसमध्ये प्लेऑफची मॅच झाली, लोकांच्या मिशांवर बर्फ, तरी स्टँडमध्ये माणसं. मी घरी होतो हे कबूल करतो. मित्र गेले होते.

पार्किंगचं पण सांगतो, कारण नवीन स्टेडियमची चर्चा निघाली की लोक छताइतकंच पार्किंगबद्दल बोलतात. मॅचच्या चार-पाच तास आधी मंडळी गाड्या लावतात, डिकी उघडतात, शेगडी पेटवतात आणि मांस भाजत बसतात. टेलगेटिंग म्हणतात त्याला. आमचं गाव बार्बेक्यूचं, त्यामुळे तो धूर म्हणजे अगदी आपल्याकडे जत्रेत भज्यांचा घाणा लागतो तसा. अनोळखी माणूस हातात प्लेट देतो. माझी बायको पहिल्यांदा आली तेव्हा एका आजोबांनी तिच्यासाठी आग्रहाने मक्याची कणसं भाजली, शाकाहारी म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू घरात सुतक आहे.

असो. तर तो ३/८ सेंटचा कर २०३१ ला संपतो आणि भाडेकरारही तेव्हाच संपतो. म्हणून २ एप्रिल २०२४ ला जॅक्सन कौंटीत पुन्हा मतदान, कर अजून ४० वर्षं चालू ठेवायचा का. ४० वर्षं! चीफ्सना त्यातून अॅरोहेड नीट करायचं होतं आणि बेसबॉलच्या रॉयल्सना डाउनटाउनजवळ क्रॉसरोड्स भागात नवीन मैदान बांधायचं होतं. त्या भागात छोटी दुकानं, गॅलरी, हॉटेलं, त्यांच्या इमारती पाडल्या जाणार होत्या, ते लोक चिडले. चीफ्स तेव्हा नुकतेच लागोपाठ दोनदा सुपर बोल जिंकलेले, सगळ्यांना वाटलं या टीमला नाही कोण म्हणणार, आणि ५८ टक्के लोक नाही म्हणाले. लोकांचं टीमवरचं प्रेम कमी झालं होतं असं अजिबात नाही हो, दुसऱ्या दिवशी तेच लोक लाल जर्सी घालून ऑफिसला. प्रेम आहे, पण बिल तुझं तू भर, एवढंच.

आणि इथे ती रेघ कामाला आली. दोनच महिन्यांत, जून २०२४ मध्ये, कॅन्ससच्या विधिमंडळानं खास अधिवेशनात कायदा केला, स्टेडियमच्या खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत स्टार बाँड देऊ. मग २०२५ च्या जूनमध्ये मिझुरीनं खास अधिवेशन घेतलं, आम्ही निम्मा खर्च देऊ. म्हणजे मतदार नाही म्हणाले आणि टीमचा भाव वाढला! आपल्याकडे नवरदेवाचे वडील एका स्थळाला दुसऱ्या स्थळाबद्दल सांगतात ना, "तिकडून गाडी देतायत", तसं. शेवटी कॅन्ससशी ठरलं ते साठ-चाळीस, साठ टक्के सरकारी, चाळीस टीमचे.

आता हे स्टार बाँड काय ते जरा नीट समजून घ्या, कारण "करदात्यांवर बोजा नाही" असं जे वाक्य आहे ते इथून येतं. राज्य रोखे विकतं, त्या पैशातून बांधकाम होतं. रोख्यांची परतफेड कशातून? तर नकाशावर एक पट्टा आखायचा, त्या पट्ट्यात आज जेवढा विक्रीकर जमतो तो आकडा गोठवायचा, आणि उद्या त्याच्या वर जो काही जमेल तो सगळा रोखेवाल्यांना द्यायचा. कराचा दर वाढत नाही, त्यामुळे तुम्हाला बिलात काही दिसत नाही. पट्टा जर फक्त स्टेडियमपुरता असेल तर ठीक आहे, नवीन धंदा आला, त्याचा कर त्यालाच. पण पट्टा मोठा आखला की त्यात आधीपासून चालणारी दुकानं येतात, आणि दुकानांची विक्री काय, महागाईनंसुद्धा वाढतेच ना, मग ती वाढ एरवी शाळा, रस्ते यांच्याकडे गेली असती ती रोख्यांकडे जाते. बोजा नाही असं नाही, बोजा दिसत नाही. कॅन्ससला याचा सराव आहे, त्याच वायन्डॉट कौंटीत रेसट्रॅक आणि लेजंड्स नावाचं मोठं शॉपिंग याच पद्धतीनं उभं राहिलं आणि ते चाललं, हेही सांगायला हवं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. दुसऱ्या गावची टीम आपल्या गावात आली तर निदान नवीन माणसं आली म्हणता येतं. इथे काय झालं, तर तोच माणूस, तीच बायको, तीच पोरं, तोच बर्गर, फक्त गल्ला रस्त्याच्या पलीकडे. एरवी सुद्धा अर्थतज्ज्ञ सांगून दमले की स्टेडियमवरच्या सरकारी खर्चाची भरपाई होत नाही, कारण मॅचला खर्च करणारा माणूस तोच पैसा सिनेमाला किंवा हॉटेलात खर्च करत होता. आमच्याकडे तर सगळा परिसर मिळून एकच गाव आहे! गाव एक आणि तिजोऱ्या दोन, आणि मालकाला दोन्ही तिजोऱ्या समोरासमोर ठेवून लिलाव करता आला.

हे पहिल्यांदा होत नाहीये. वर्षानुवर्षं कंपन्या असंच करायच्या. ॲपलबीज हॉटेलांचं मुख्यालय कॅन्ससमधून मिझुरीत गेलं आणि त्याच सुमाराला एएमसी थिएटरवाले मिझुरीतून कॅन्ससमध्ये आले, दोघांना करसवलत, आणि कर्मचारी? घर तेच, फक्त सकाळी गाडी दुसरीकडे वळवायची. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी तह केला की हा मूर्खपणा बंद. गव्हर्नर लॉरा केली यांनी कॅन्ससकडून तो तह केला, आणि २०२४ च्या त्या स्टार बाँडच्या कायद्यावर सहीसुद्धा त्यांचीच. तहात स्टेडियम बसत नव्हतं म्हणे.

दोन राज्यांचं हे हाडवैर जुनं आहे बरं का. यादवी युद्धाच्या काळात मिझुरीकडचे गुलामगिरीवाले आणि कॅन्ससकडचे विरोधक यांच्यात या रेघेवर खून पडलेत, १८६३ मध्ये मिझुरीकडच्या क्वांट्रिलच्या टोळीनं कॅन्ससमधलं लॉरेन्स गाव जाळलं. आता लोक त्यावरून टी-शर्ट छापतात.

(इथे श्रोत्यांमधून प्रश्न आला: टीम रातोरात पळून गेली असं कुठेतरी झालं होतं ना?)

हो, ते बाल्टिमोर. ती खरी ताटातूट. १९८४ चा मार्च, बाल्टिमोर कोल्ट्सचा मालक रॉबर्ट इर्से, त्याचं स्टेडियमवरून वाजलेलं. मेरीलँडचं विधिमंडळ कायदा करत होतं की सरकार ही टीम ताब्यात घेऊ शकेल, रस्त्यासाठी जमीन घेतात तशी. कायदा व्हायच्या आत, २८ मार्चच्या रात्री, मेफ्लॉवर मूव्हर्सचे पंधराएक ट्रक आले, बाहेर बर्फ पडतोय, हेल्मेटं, वजनं, कागद सगळं भरलं आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी इंडियानापोलिसकडे निघाले, म्हणजे पोलिसांनी एखादा अडवला तरी बाकीचे सुटतील. सकाळी गाव उठलं तर टीम नाही. पण बँड राहिला! कोल्ट्सचा स्वतःचा बँड होता, त्यांनी आपले गणवेश लपवून ठेवले आणि टीम नसताना बारा वर्षं वाजवत राहिले, १९९६ ला बाल्टिमोरला रेव्हन्स येईपर्यंत. आणि रेव्हन्स आले कुठून, तर क्लीव्हलंडची टीम उचलून. ज्या गावाची टीम चोरीला गेली त्या गावानं दुसऱ्याची आणली. क्लीव्हलंडनं मात्र भांडून नाव, रंग आणि रेकॉर्ड आपल्याकडे ठेवले आणि १९९९ मध्ये नवीन ब्राउन्स मिळवले.

आमच्याकडे असं रडणं नाही. सीझन तिकीटवाला तोच राहणार. न्यूयॉर्कच्या जायंट्स १९७६ पासून न्यू जर्सीत खेळतात, नाव न्यूयॉर्कच.

(प्रश्न: आपल्या पुण्याच्या टीमचं असंच झालं ना?)

बरोबर, तुम्ही विचारणार हे माहीत होतं. एफसी पुणे सिटी, आपल्या पायानं खेळायच्या फुटबॉलची टीम, बालेवाडीला खेळायचे, केशरी जर्सी. २०१९ मध्ये मालक पैशात अडकले, नवीन मालकांनी ती जागा हैदराबादला नेली, हैदराबाद एफसी झालं, आणि २०२२ मध्ये त्यांनी गोव्यात, फातोर्ड्याला आयएसएल, म्हणजे भारतातली फुटबॉल लीग, जिंकली. पुणेकरांनी ती मॅच टीव्हीवर काय मनानं बघितली असेल. आणि मग २०२५ मध्ये तीच टीम उठून दिल्लीला. पण फरक बघा, आपल्याकडे स्टेडियम सरकारचं, टीमवाला भाडेकरू, आणि टीम जाऊ नये म्हणून कर भरायचा का असं मतदान बालेवाडीत कोणी घेतलं नाही. आपल्याकडे टीम पैसे संपले म्हणून जाते, तिकडे पैसे मिळतात म्हणून.

(प्रश्न: तुम्ही कोणत्या बाजूला?)

अडचणीचं विचारलंत. मी राहतो ओव्हरलँड पार्कला, म्हणजे कॅन्ससमध्ये. इतकी वर्षं अॅरोहेडसाठी तो ३/८ सेंट जॅक्सन कौंटीतल्या लोकांनी रोजच्या खरेदीवर भरला, त्यात माझ्यापेक्षा कितीतरी गरीब लोक, जे मॅचचं तिकीट कधी घेऊ शकले नाहीत. मी भरला फक्त तिकडे गेल्यावर, पार्किंगच्या आधी घेतलेल्या कोळशाच्या पोत्यावर वगैरे. तेव्हा मला कधी कॅन्सस-मिझुरी असं काही सुचलं नाही, मजेत जायचो. आता माझ्या राज्याची पाळी आली, आणि आमच्याकडे मतदान पण झालं नाही, आठ आमदारांच्या समितीनं एकमतानं मंजूर केलं. मी तावातावानं बोललो हे सगळं एका मित्रासमोर, तो मिझुरीचा, जॅक्सन कौंटीतच वाढलेला. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, मॅचला येताना या वेळी कोळसा मी आणतो, तुमच्याकडच्या दुकानातून घेतो.