पडावावर जन्मलेल्या बाळाचा दाखला

(दृश्य: धडगावचा रस्ता. ट्रकमध्ये चढणारी भांडी, गोधड्या, माणसं.)

दिवाळी आटोपली की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातून ऊसतोडीला ट्रक निघतात. मुकादमाने टोळी जुळवलेली असते, आगाऊ घेतलेली उचल खर्चूनही झालेली असते. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. काही टोळ्या सांगली-कोल्हापूरच्या फडात जातात, बऱ्याच गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे. तिथे मुक्काम पडावावर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांच्या तळावर, हंगाम संपेपर्यंत. ट्रकमध्ये दिवस भरत आलेल्या बायकाही असतात. गुजरातेत गेलेल्यांची बाळं तिकडेच जन्मतात आणि तिथूनच त्यांच्या कागदांचा घोळ सुरू होतो.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात एक गोष्ट स्पष्ट आहे. जन्म जिथे झाला, नोंद तिथेच. आई-बापाचं गाव कुठलंही असो. बारडोली तालुक्यातल्या पडावावर जन्मलेल्या बाळाची नोंद धडगावच्या ग्रामसेवकाला करता येत नाही. मार्चमध्ये परतल्यावर "आता आपल्या गावात करून घेऊ" म्हणणाऱ्यांचं काम तिथेच अडतं.

मुदत २१ दिवसांची. तेवढ्यात कळवलं तर नोंद विनाशुल्क. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. त्यानंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश, तोही त्याच जिल्ह्यातला. मजुरी बुडवून, भाडं खर्चून पुन्हा तिकडे हेलपाटे. म्हणून हे २१ दिवस पडावावर असतानाच वापरायचे.

(दृश्य: सरकारी दवाखाना, प्रसूती कक्षाबाहेरचा बाक.)

दवाखान्यात बाळंतपण झालं तर जन्म कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची. तुमचं काम एवढंच की सुट्टी घेण्याआधी विचारायचं: नोंद पाठवली का, दाखला कुठे मिळेल? पडावाच्या झोपडीत बाळंतपण झालं तर घरातल्या मोठ्या माणसाने त्या गावच्या पंचायतीत कळवायचं. गुजरातेत ही नोंद तलाटी करतात. दवाखान्यात नेताना गाडीतच बाळ झालं, तर गाडी पहिल्यांदा थांबेल त्या ठिकाणी खबर द्यायची, ही जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची. आई-बापाचे आधार क्रमांक असतील तर विचारतात. नोंद झाल्यावर ७ दिवसांत पहिली प्रत फुकट मिळायला हवी.

"बारसं झालं नाही, नाव ठरलं नाही" म्हणून थांबू नका. नावाशिवाय नोंद होते. १२ महिन्यांत नाव घातलं तर पैसे लागत नाहीत, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क देऊन घालता येतं.

आता मुख्य धास्ती. "गुजरातचा दाखला काढला तर पोरगं तिकडचं होईल, आपल्याकडे जातीचा दाखला मिळणार नाही." असं होत नाही. नोंदीत जन्माचं ठिकाण वेगळ्या रकान्यात असतं आणि आई-बापाचा कायमचा पत्ता वेगळ्या. तिथे आपलं गाव, तालुका, जिल्हा नंदुरबार नीट लिहून घ्या. अनुसूचित जमातीचा दाखला बापाकडच्या घराण्यावरून मिळतो. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचं वास्तव्य पाहतात: आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंद, कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची जुनी वही). नातू कुठल्या पडावावर जन्मला, याने ते पुरावे पुसले जात नाहीत. अधिवासालाही महाराष्ट्रातल्या वास्तव्याचे कागद लागतात.

या धास्तीपायी "बाळ घरीच झालं" असं सांगून गावात खोटी नोंद केली, तर घोळ वाढतो. लसीकरणाच्या कार्डावर गुजरातच्या आरोग्य केंद्राचा शिक्का असतो, तारीखही वेगळी निघते. दवाखान्याने तिकडे नोंद पाठवली असेल तर एकाच पोराचे दोन जन्म होतात. खोटी माहिती देणं गुन्हा आहे, आणि त्याचे चटके त्या पोराला बसतात.

(दृश्य: दाखल्यावरची नावं, जवळून.)

इथे नजर ठेवा. आधारवर बापाचं नाव "रमेश वसावे". तिकडे लिहिणारा सवयीने "रमेशभाई वसावा" लिहितो, आईच्या नावापुढे "बेन" लावतो. त्याच्या दृष्टीने तो मान आहे. पण पुढे जातीच्या दाखल्याच्या वेळी बापाचं आडनाव आणि पोराचं आडनाव जुळत नाही. चूक, जिथे नोंद झाली त्याच निबंधकाकडे (नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करून दुरुस्त होते. मात्र परतण्याआधी केली तर सोपी.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी कायदा बदलला आहे. शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला. ही मुलं २०२९ पासून पहिलीत येतील. वयाचा पुरावा नाही म्हणून ६ ते १४ वर्षांच्या पोराला शाळा नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. पण शाळेनंतरचे दरवाजे त्या कायद्याने उघडत नाहीत.

म्हणून ट्रकमध्ये चढण्याआधीच, ताई, पिशवीत तीन गोष्टी ठेवा: दोघांच्या आधारच्या प्रती, माता-बाल कार्ड, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दोघांची नावं आधारवर आहेत तशीच इंग्रजी अक्षरांत, खाली गावाचा पूर्ण पत्ता पिनकोडसह. लिहिता येत नसेल तर आशाताईकडून लिहून घ्या. नोंदीच्या वेळी ती चिठ्ठी समोर ठेवा आणि अक्षरं जुळल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका.