काट्यानं काटा काढायचा राहिला

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी १९८०च्या दशकात दूरदर्शनवर कर्क आणि स्पॉकचं मूळ 'स्टार ट्रेक' पाहिलं असेल. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत त्याची पुढची पिढी उभी राहत होती, 'द नेक्स्ट जनरेशन'. आज मी तिच्या दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागाबद्दल बोलणार आहे. 'शेड्स ऑफ ग्रे', प्रसारण १७ जुलै १९८९. या मालिकेवर जीव असलेल्या माणसासमोर हे नाव काढलं की तो मान हलवतो आणि विषय बदलतो. मला मात्र या भागापाशी थांबायचं आहे, कारण त्यात वाया गेलेली कल्पना मला आजही अस्वस्थ करते.

आधी गोष्ट सांगते. एका नव्या ग्रहाची पाहणी चालू असताना अंतराळजहाजाचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी विल रायकर याच्या पायात एका वेलीचा काटा घुसतो. त्यातून शिरलेले सूक्ष्मजीव मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडे सरकू लागतात. ते मज्जातंतूंशी इतके एकजीव झालेले असतात की त्यांना वेगळं काढणं अशक्य. डॉक्टर पुलास्की त्याच्या मेंदूला चेतना देऊन त्याला बेशुद्धीत स्वप्नं पाहायला लावते, आणि मग लक्षात येतं की सुखाच्या आठवणी आल्या की जंतू फोफावतात. दुःख, भीती, संताप जागा झाला की ते मरतात. म्हणजे या माणसाला वाचवायचं तर त्याला त्याच्या आयुष्यातल्या वाईटात वाईट क्षणांतून पुन्हा न्यायचं.

जरा विचार करा, ही किती मोठी कल्पना आहे! प्रेमाच्या आठवणीनं आजार वाढतो आणि शोकानं तो उतरतो. विज्ञानकथेला याहून चांगलं बीज काय हवं?

आणि पडद्यावर काय येतं? रायकर खाटेवर पडलेला, डोक्याला उपकरणं लावलेली, आणि त्याच्या आठवणी म्हणून आधीच्या दोन सीझनमधली जुनी दृश्यं जशीच्या तशी. एकामागून एक. याला क्लिप शो म्हणतात. नवं चित्रीकरण उरकलं तीन दिवसांत, एरवी एका भागाला आठवडाभर लागायचा.

असं का झालं, याची कारणं लपलेली नाहीत. मार्च ते ऑगस्ट १९८८ या काळात हॉलिवूडच्या पटकथालेखकांचा संप होता. त्यामुळे दुसरा सीझन नोव्हेंबर उजाडल्यावर सुरू झाला, तोही १९७०च्या दशकात बारगळलेल्या एका 'स्टार ट्रेक' मालिकेसाठी लिहिलेली संहिता बाहेर काढून. पहिल्या सीझनच्या २६ भागांच्या जागी या वेळी २२च भाग झाले. मधल्या काही भागांवर हात सैल सोडून खर्च झाला होता, शेरलॉक होम्सवाल्या 'एलिमेंटरी, डिअर डेटा'वर आणि 'क्यू हू'वर. त्याची भरपाई शेवटच्या भागातून झाली. मालिका काढणाऱ्या पॅरामाउंट कंपनीला पैसे वाचवायचे होते आणि वाहिन्यांना तर भाग द्यायचाच होता.

इथवर मी कुणालाच दोष देत नाही. संपावर गेलेल्या लेखकांना तर मुळीच नाही. ते आपल्या हक्काच्या मोबदल्यासाठी भांडत होते.

पण 'क्यू हू' आठवा. ८ मे १९८९, म्हणजे या भागाच्या जेमतेम दोन महिने आधी. त्यात बोर्ग, म्हणजे इतरांना आपल्यात ओढून घेणारे अर्धयांत्रिक परग्रहवासी, पहिल्यांदा दिसले. घनाकृती जहाज, ना संवाद, ना वाटाघाटी. १८ सहकारी गमावलेला कॅप्टन पिकार्ड शेवटी क्यू या सर्वशक्तिमान परग्रहवासीसमोर कबूल करतो की आम्हाला तुझी गरज आहे. आता बोर्गना आपला पत्ता लागला आहे, ते येणार, हे प्रेक्षकाला कळून चुकतं. तो भाग लिहिला मॉरिस हर्ली यांनी आणि दिग्दर्शित केला रॉब बोमन यांनी. 'शेड्स ऑफ ग्रे'ची कथा हर्ली यांचीच, दिग्दर्शक बोमनच. फेब्रुवारीत याच सीझननं 'द मेझर ऑफ अ मॅन' दिला होता. डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीटची, म्हणजे या जहाजांच्या अंतराळदलाची, मालमत्ता की स्वतंत्र व्यक्ती, यावरचा तो खटला. ज्या सीझननं एवढी उंची गाठली, त्याचा शेवट या मंडळींनी पाट्या टाकून करावा, हे मला सोसत नाही.

काही जण म्हणतात, क्लिप शो म्हणजे शिळ्या कढीला ऊत, त्यातून चांगलं काही निघणारच नाही. मला हे मान्य नाही. पुरावा 'स्टार ट्रेक'च्याच घरात आहे. जीन रॉडेनबेरी यांनी १९६४च्या अखेरीस मालिकेचा नमुना भाग चित्रित केला होता, 'द केज'. एनबीसी या वाहिनीनं तो नाकारला. कॅप्टन पाइक आणि त्याचं जहाज डब्यात गेलं. पुढे १९६६मध्ये मालिका सुरू झाली, वेळापत्रक कोसळायला लागलं, नव्या भागांची तयारी होईना. तेव्हा रॉडेनबेरी यांनी ती जुनी फिल्म बाहेर काढली आणि तिच्याभोवती नवी गोष्ट रचली. हीच 'द मिनॅजरी', दोन भागांची. स्पॉक आपल्या जुन्या कॅप्टनला पळवून नेतो. पाइक आता अपघातात जायबंदी झालेला आहे, चाकाच्या खुर्चीत बंदिस्त, हो किंवा नाही एवढंच एका दिव्यानं सांगू शकणारा. ज्या ग्रहाकडे स्पॉक निघाला आहे, तिथं जाण्याला मृत्युदंडाची शिक्षा आहे. स्पॉकवर लष्करी खटला चालतो आणि जुनी दृश्यं त्या खटल्यात पुरावा म्हणून पडद्यावर येतात. प्रत्येक जुन्या दृश्याबरोबर आपण विचारत राहतो, स्पॉक हे का करतोय? तरणाताठा पाइक पडद्यावर धावतो आणि समोर खुर्चीतला पाइक ते पाहतो. 'द मिनॅजरी'ला विज्ञानकथांसाठीचा १९६७चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

अडचण तीच होती, वेळही नव्हता आणि पैसाही नव्हता. मग 'शेड्स ऑफ ग्रे'मध्ये काय कमी पडलं? माझं उत्तर असं की स्वतःच्या कल्पनेवर कुणी विश्वास ठेवला नाही. दुःखानं रोगी बरा होतो असं म्हणायचं आणि ते दुःख कुणालाच सोसावं लागू द्यायचं नाही, असं त्यांनी केलं.

डियाना ट्रॉय तिथं खाटेजवळ उभी आहे. इतरांच्या भावना तिला स्वतःच्या असल्यासारख्या जाणवतात आणि या माणसावर तिचं एके काळी प्रेम होतं. त्याचा प्रत्येक आघात तिच्यावरही व्हायला हवा. इथं ट्रॉय साकारणाऱ्या मरीना सर्टिस यांच्या वाट्याला काम आलंय ते आता त्याला काय वाटतंय हे डॉक्टरांना सांगत राहण्याचं. पुलास्कीचंही तसंच. रोग्याचा जीव वाचवायला त्याला मुद्दाम यातनेत ढकलणारी डॉक्टर! तिनं एकदा तरी कचरायला हवं होतं, एकदा तरी तिचा हात थांबायला हवा होता. खेदाची गोष्ट म्हणजे डॉक्टर पुलास्कीचा हा शेवटचा भाग. ती साकारणाऱ्या डायना मुलडॉर यांनी १९६८मध्ये मूळ मालिकेतही दोन भूमिका केल्या होत्या. त्यांना साधं निरोपाचं दृश्यही मिळालं नाही. पुढच्या सीझनमध्ये पहिल्या सीझनमधल्या डॉक्टर क्रशर परत आल्या.

आता रायकर. त्याची आई तो लहान असतानाच गेली, आणि वडिलांशी वर्षानुवर्षं अबोला. 'द आयकेरस फॅक्टर' हा भाग याच सीझनमध्ये, जेमतेम तीन महिन्यांपूर्वी होऊन गेला होता. त्यात बापलेक समोरासमोर येतात. दुःखाची आठवणच हवी होती ना? मग ही जखम हाताशी होती, ताजी होती. 'शेड्स ऑफ ग्रे' ती उकरत नाही. पहिल्या सीझनमध्ये गेलेली सहकारी टाशा यार हिच्या मृत्यूची आठवण येते, ते योग्यच. पण मग गाडी मारामाऱ्या आणि स्फोटांवर येते, शेवटी तर तुकडे इतक्या वेगानं कापलेत की कोणती आठवण कशाची हेही कळत नाही. आणि सगळ्या आठवणी कॅमेऱ्यानं पाहिल्या तशाच. माणसाला असं आठवतं का? आठवणीत एखादा चेहरा पुसट होतो, एखादं वाक्य आपण बदलून टाकतो. अशी दोन नवी मिनिटं त्या दवाखान्याच्या सेटवरच करता आली असती. एक अंधारी भिंत आणि रायकर साकारणाऱ्या फ्रेक्स यांचा चेहरा एवढंच लागलं असतं.

आणि जोनाथन फ्रेक्स ते पेलू शकले असते. सुरुवातीची काही मिनिटं बघा. पाय बधिर होत चाललाय आणि रायकर पुलास्कीला विनोद सांगतोय: माझ्या पणजोबांना एकदा साप चावला, तीन दिवस असह्य वेदना झाल्या आणि मग साप मेला. भीती कुणाला दिसू न देणारा हा माणूस तिथं खरा वाटतो. गोष्ट त्याच्या भीतीपर्यंत पोचली असती, तर आज आपण या भागाबद्दल वेगळ्या सुरात बोललो असतो.

त्यानंतर हर्ली मालिकेतून बाहेर पडले. तिसऱ्या सीझनमध्ये लेखनाची धुरा मायकल पिलर यांच्याकडे आली आणि १८ जून १९९०ला 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' आला. बोर्ग परतले, पिकार्डला त्यांनी आपल्यात ओढलं, आणि त्याच्यावर गोळा डागण्याचा हुकूम द्यायची वेळ रायकरवर आली. तोच रायकर, तेच फ्रेक्स. पुढचं पाहायला लोक सप्टेंबरपर्यंत थांबले. तरुण मंडळी मला विचारतात की दुसरा सीझन पाहताना हा शेवटचा भाग वगळावा का. मी म्हणते, वगळू नका. सापाच्या विनोदापर्यंत नीट पाहा, मग थांबा, आणि पुढची गोष्ट कागदावर तुम्ही लिहा.