दप्तरातली शिवणकामवाली

नमस्कार, श्रोतेहो.

२०१४ साली युक्रेनच्या पूर्वेला, दोनबासमध्ये लढाई पेटली. कितीतरी बायका आपणहून आघाडीवर गेल्या. कुणी नेमबाज झाली, कुणी तोफखान्यात रुजू झाली. पण ही पदं बायकांसाठी नियमातच नव्हती. मग सैन्याच्या दप्तरात त्यांना दाखवायचं काय? स्वयंपाकीण, शिवणकामवाली, हिशेबनीस. हातात बंदूक आणि पगारपत्रकावर पळी! बरं, हे नुसतं हसण्यावारी न्यायचं नाही. पगार, बढती, सवलती सगळं त्या एका नोंदीवर चालतं. २०१६ साली ‘अदृश्य बटालियन’ या नावाचा अभ्यास पुढे आला, त्या लढाईत स्वतः स्वयंसेविका म्हणून गेलेल्या मारिया बेर्लिन्स्का यांच्या पुढाकारानं, तेव्हा हा प्रकार चव्हाट्यावर आला. त्याच वर्षी काही लढाऊ पदं खुली झाली आणि २०१८ मध्ये कायद्यानं सैन्यात समान हक्क दिले.

तुम्ही म्हणाल, तोवर तिथे समानतेचा कायदाच नव्हता का? होता की. १९९६ च्या राज्यघटनेचं २४ वं कलम स्त्री-पुरुषांना समान हक्क देतं. २००५ साली समान हक्क आणि संधींचा स्वतंत्र कायदाही झाला. पण त्याच काळात आरोग्य मंत्रालयाचा १९९३ चा एक आदेश कपाटात सुखानं नांदत होता. बायकांना मनाई असलेली सुमारे साडेचारशे कामं त्यात होती. कारण काय, तर प्रकृतीची काळजी! घरातल्या पाण्याच्या बादल्यांना मात्र या काळजीतून सूट असावी. तो आदेश रद्द व्हायला २०१७ उजाडलं.

या काळजीमागे एक प्रतिमा आहे. युक्रेनियन भाषेत तिला ‘बेरेहिन्या’ म्हणतात. म्हणजे घर राखणारी, चूल तेवती ठेवणारी. कीव्हच्या मुख्य चौकात उंच स्तंभावर एक स्त्री उभी आहे, तिलाही लोक याच नावानं ओळखतात. स्तंभावर चढवलं की खाली उतरून काही मागायची सोय राहत नाही, हे आपल्याकडच्या ‘गृहलक्ष्मी’ला वेगळं सांगायला नको.

घरातल्या हिंसाचाराचा प्रश्न इथेच अडला. स्त्रियांवरचा हिंसाचार रोखण्यासाठी युरोपातल्या देशांनी केलेल्या इस्तंबूल करारावर युक्रेननं २०११ मध्ये सही केली, पण ‘जेंडर’ या शब्दालाच चर्चमधून विरोध झाला. संसदेची मंजुरी मिळाली ती २०२२ च्या जूनमध्ये, रशियाशी ऐन युद्ध चालू असताना.

आणि त्याच युद्धानं साचा पुरुषांवरही घट्ट बसवला. २०२२ मध्ये लष्करी कायदा लागू झाला, तसं अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना, काही अपवाद सोडता, देश सोडायला बंदी झाली. पुरुष म्हणजे लढणारा, हे गृहीतच धरलेलं. भित्रा, हळवा, एकटा बाप असे पुरुष समाजाच्या कल्पनेत कुठे बसतात? उलट पुरुष आघाडीवर गेल्यानं कोळशाच्या खाणींत माणसं कमी पडली, आणि ज्या भूगर्भात बायकांना जायची मनाई होती तिथे त्या हेल्मेट घालून उतरू लागल्या.

गणवेशाचं सांगायचं राहिलंच. २०२१ मध्ये संचलनाच्या सरावात सैनिकी विद्यार्थिनींना उंच टाचांचे बूट घालायला लावले, त्यावरून संसदेत गदारोळ झाला. टाचा सुचल्या, पण बायकांच्या मापाचा रणांगणावरचा गणवेश मंजूर झाला २०२३ मध्ये. तोवर पुरुषांच्या मापाचे कपडे मिळत, आणि ते आटवून घ्यायची खटपट बाईनंच करायची. दप्तरातली ती शिवणकामाची नोंद अशी खरी व्हायची.