दुखवलं की दुखावलं?

नमस्कार मंडळी, आज एका शब्दावर बोलूया, म्हणजे खरं तर शब्द दोन आहेत पण आपण ते एकच असल्यासारखे वापरतो. दुखवणं आणि दुखावणं.

हसण्याचं हसवणं, रडण्याचं रडवणं, तसं दुखण्याचं दुखवणं. तिथे करणारा कोणीतरी लागतोच, 'मी तिचं मन दुखवलं' म्हटलं की मी सापडलो. दुखावणं हे सुखावण्याच्या जातीचं. गुडघा दुखावला, मन दुखावलं, कोणी केलं ते सांगायची गरजच नाही. म्हणून तर 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे' हे वाक्य माफीत इतकं फिट्ट बसतं, जणू भावना आपल्याआपणच शेवाळावरून घसरल्या! आता गंमत बघा, धार्मिक भावनांचा अपमान करण्याबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं ते २९५अ कलम, १९२७ साली आलेलं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत २९९ झालं, त्यात अटच आहे की कृत्य जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलं हवं. म्हणजे दुखवणंच की! पण बातमीत कायम दुखावल्याच. बाकी बोलताना 'तू मला दुखावलंस' असं आता सर्रास म्हणतात, त्यावर नाक मुरडणाऱ्यातला मी नाही.

मालवणीत सगळं सोपं, 'माका लागला'. ठेच लागते तसाच शब्द लागतो. फार खोल गेला की जिव्हारी, आणि जिव्हार म्हणजे जीभ नव्हे हां, मर्माची जागा.

मी एकदा असाच सापडलो. देवगडला काकीकडे, ऐन मे महिन्यात, पानावर चार पाहुणे, आणि मी बोलून गेलो, काकी यंदा सोलकढी अगदीच पाणी झालीय. काकी हसली. झेल्यातून, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीतून, निसटून आपटलेला आंबा पण त्या दिवशी चांगलाच दिसतो, आठ-दहा दिवसांनी अढी उलगडली की काळा मऊ डाग. इथे तेवढा वेळ लागला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी काकी म्हणाली, "तुम्ही चाय घेतलात?" तुम्ही! जी बाई मला जन्मापासून 'मेल्या' म्हणते ती! आपल्याकडे 'मेल्या' कोणाला लागत नाही, 'तुम्ही' लागतं.

तीन दिवस मी विहिरीचं पाणी भरलं, कोकमं फोडली, सॉरी म्हणून झालं. चौथ्या दिवशी मागच्या पडवीतून आवाज आला, "रे मेल्या, जेवलंस काय?"